कातळपाड्याच्या वायफायचा पंचनामा

मौजे कातळपाडा, ता. खालापूर
दि. ९ डिसेंबर २०२४

श्रीमती गोदूबाई विहीणबाई, मु. कोंडाणे, ता. कर्जत, यांस,

मी, लडकू पोशा कोळंबे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा शेती, राहणार मौजे कातळपाडा, तालुका खालापूर, गावच्या तंटामुक्ती समितीचा माजी अध्यक्ष व पोलीस ठाण्याच्या दप्तरी अनेक पंचनाम्यांवर पंच म्हणून सही केलेला इसम, कोणाच्याही दबावाखाली नसताना व पूर्ण शुद्धीवर असताना लिहून देतो की,

आपली कन्या व माझी सून चि. सौ. छाया ही सध्या उकिरड्याशेजारी बसते. खुर्ची घरातील आहे. टेबलाऐवजी पालथे घमेले आहे. पुढ्यात संगणक व पाठीमागे कोंबड्यांचे खुराडे. मुंबईच्या विमा कंपनीचे दावे तपासण्याचे तिचे काम घरबसल्या चालते, हे आपणांस ठाऊक आहेच. घरबसल्या म्हणजे घरात बसून, असा माझा समज होता.

मागील सोमवारी सभा चालू असता कोंबडा आरवला. मुंबईच्या साहेबांनी 'हे कोण बोलले?' असे विचारले. छायाने 'सॉरी सर' असे उत्तर दिले. कोंबडा माझा असल्याने ती दिलगिरी माझ्याही वतीने झाली, असे मी समजतो.

कारण येणेप्रमाणे. आमचा पाडा डोंगराच्या कुशीत असल्याने मोबाईलला रेंज नाही. सबब आषाढ महिन्यात नेटवाला साईनाथ याने खांबावरून तार आणून वायफायचा डबा बसविला. तो डबा ओटीच्या भिंतीवर टांगणार होता. परंतु किमती वस्तू ओटीवर टांगून ठेवण्याची रीत कोळंब्यांच्या घरात नाही. आमचे दागिने, सातबारा व देवाचे टाक भाताच्या कणगीच्या खोलीत, मागील भिंतीच्या कोनाड्यात असतात. डब्याची स्थापना मी तेथेच करविली. पावसाळाभर नेट उत्तम चालले. छाया ओटीलगतच्या खोलीत दार लावून काम करी व मी बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्यास हळू बोलावयास सांगत असे.

दिवाळीनंतर घरातून नेट नाहीसे झाले. ते केवळ परसात, उकिरड्यापाशी मिळते. घरात काहीही बदल झालेला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

आता मुख्य मजकूर. कंपनीने कळविले आहे की, लोकांची खाजगी कागदपत्रे उघड्यावर बसून पाहता येणार नाहीत. महाशिवरात्रीनंतरच्या शुक्रवारी साहेब दिवसभर लाइनची परीक्षा घेणार. सून बंद खोलीत असावी, लाइन तुटू नये व कोंबडा नसावा. अन्यथा तिने रोज मुंबईच्या कचेरीत यावे. तसे झाल्यास नेरळला खोली घेऊन राहू, असे माझा मुलगा हर्षद म्हणतो. रसायनीच्या कारखान्यातील स्वतःच्या पाळ्या तो नेरळहून कशा करणार, हे त्याने सांगितले नाही.

नेरळ कोंडाण्यास जवळ आहे, ही बाब माझ्या नजरेतून सुटलेली नाही. हा विचार मुलांच्या डोक्यात कोणी घातला, याचा खुलासा आपण लेखी करावा.

आपला,
लडकू पोशा कोळंबे

---

कोंडाणे
१६ डिसेंबर

व्याहीबुवांना गोदूबाईचा रामराम.

पोस्टमननं लखोटा दिला तवा वाटलं कोर्टाचा कागद आला. उघडलं तर तुमी. वय कशाला लिवलंत? लग्नात फेटा बांधताना तुमच्या डोक्यावर किती केस उरलेत ते आख्ख्या मांडवानं बघितलं हाय.

मी बोलते तशी लिवते. तुमी चौथी, मी सातवी, पर मला तुमच्यावानी लिवता येत नाय नि यायला पण नको. वाचताना मधेच धाप लागते.

नेरळचं मी कुणाच्या डोक्यात घातलेलं नाय. मला पोरगी जवळ आली तर काय दुखणार हाय का? पर उगा नाव घेऊ नका. छायाचा फोन लागला की 'हॅलो आई' म्हणते, मंग नुसती घरघर, मंग कोंबडा. परवा मी कोंबड्याशीच बोलले. तो तरी पुरं ऐकून घेतो.

आता एक विचारते, रागावू नका. तुमी रात्री निजताना घरातली सगळी बटणं बंद करता हे मला ठाऊक हाय. लग्नात मांडवाची माळ पण तुमीच बंद केली व्हती, माणसं जेवत व्हती तरी. नेटचं बटण तर दाबत नाय ना?

आणि दिवाळीनंतर घरात काय नवीन आलं, ते आठवा. माझ्या भावजयीकडं टीव्ही हलवला नि असंच झालेलं.

गोदूबाई

---

कातळपाडा
दि. २८ डिसेंबर २०२४

विहीणबाई,

आपले दि. १६ चे पत्र पोचले. माझ्या वेळी चौथीची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागे व आमच्या पाड्यातून मी एकटा उत्तीर्ण झालो होतो. याउपर इयत्तेचा उल्लेख होऊ नये.

नेटचे बटण मी दाबत नाही. लग्नातील माळ ही वेगळी बाब आहे; तेव्हा पंगत अखेरच्या ताकावर आली होती.

आपल्या सूचनेवरून मी चौकशी हाती घेतली. प्रथम संशय शेजारी गजा याजवर आला. पासवर्ड त्याच्याकडे आहे. खरे सांगावयाचे तर तो सर्व पाड्याकडे आहे. ओटीवर आलेल्या माणसाने पाणी मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. पासवर्ड मागितला तर कसे म्हणावे? पावसाळ्यात संध्याकाळी माझ्या ओटीवर बसावयास जागा नसे. मी मध्यभागी बसे. कोणी माझ्याशी बोलत नसे, परंतु जाताना प्रत्येक जण 'येतो नाना' असे म्हणून जाई.

छायास सांगून मी पासवर्ड बदलविला. गजा कुंपणावरून म्हणाला, "नाना, आता आमी चोर झालो काय रं?"

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे. निकाल लागेपर्यंत कोणी चोर नाही."

"मंग निकाल लागंपर्यंत माझी शिडी परत दे."

शिडी दिली. नेट आले नाही. ओटी मात्र रिकामी झाली.

त्यानंतर साईनाथ आला. खांबावर चढला, उतरला आणि म्हणाला, "आजोबा, लाइन एकदम ओके हाय. डबा कुठं हाय?"

"जागेवर."

"जागेवर म्हंजे कुठं?"

"जिथे तू बसविलास तिथे."

"लाइटी लागल्यात का त्याच्या?"

मी बॅटरी घेऊन कणगीमागच्या फटीतून पाहिले होते. हिरवे दिवे लागलेले आहेत, असे मी स्वतः सांगितले. तो म्हणाला, मला बघू द्या. त्याच्या पायात चिखलाचे बूट होते. कणगीच्या खोलीत पादत्राणे चालत नाहीत, असे मी सुचविले. त्याला भिवपुरीस जावयाची घाई होती. "दिवे लागलेत ना, मंग ऱ्हाऊ द्या. दुसरा डबा घ्या नि पुढं लावा," असे सांगून तो गेला. एका घरात एक चूल व एकच डबा, हे मी त्यास त्याची गाडी वळेपर्यंत समजावीत होतो.

दिवाळीनंतर काय बदलले, या आपल्या प्रश्नाकरिता मी घराचा रीतसर पंचनामा केला. त्यातील संबंधित भाग उतरवून देतो: 'ओटी पूर्ववत. माजघर पूर्ववत. स्वयंपाकघरात एक चहाची गाळणी नवीन. कणगीच्या खोलीत कणगी भरलेली व शेणाने लिंपलेली, दरवर्षीप्रमाणे. तिचे मागे कोनाडा व त्यात डबा. संशयास्पद काही आढळले नाही.'

गाळणी दोन दिवस परसात ठेवून पाहिली. फरक पडला नाही.

आपला,
लडकू पोशा कोळंबे

---

कोंडाणे
७ जानेवारी

व्याहीबुवा,

गाळणीचं वाचून मी एवढी हसले की सून धावत आली, म्हणाली आत्या काय झालं. तिला पत्र दाखवलं नाय. व्याह्याची अब्रू राखायला लागते.

आता जे लिवते ते हसण्याचं नाय. मागं मी लिवलं की नेरळचं मी डोक्यात घातलं नाय. ते खरंच हाय. पर खोली बघायला मी गेले व्हते. हर्षदनं बोलावलं. म्हणाला, "आई, तुमी चला, छायाला रजा नाय, तुमाला पाण्याचं नि शेजाऱ्यांचं कळतं." मी गेले. खोटं कशाला बोलू?

खोली तिसऱ्या माळ्यावर हाय. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीतली दोरीवरची कापडं दिसतात, बाकी काय नाय. पाणी सकाळी येतं. हर्षदनं टेप काढून मापं घेतली. पलंग इथं, कपाट इथं, छायाचं टेबल खिडकीशी. मी म्हटलं, "आणि नानांची खाट?" तो टेप गुंडाळत बसला. मंग म्हणाला, "नाना येणार नाय हो आई. तुमी सांगून बघा."

म्हणून विचारते. जाल का? आणि नाय गेलात तर जेवाल काय? भात शिजवता येतो का तुमाला? खरं सांगा, पंचनाम्यातल्यावानी नको.

डबा उचलून पुढं ओटीवर का ठेवत नाय? त्यो साईनाथ पयल्यापासून तेच सांगत व्हता ना?

गोदूबाई

---

कातळपाडा
दि. १५ जानेवारी २०२५

विहीणबाई,

मापे घेतल्याची माहिती मिळाली. हर्षदने मला ती सांगितली नव्हती.

मी नेरळला जाणार नाही. येथे माझी शेती आहे. मुलांनी आपल्या सोयीने राहावे. मला त्यात काही वाटत नाही. भात शिजविणे ही काही विद्या नव्हे. काल प्रात्यक्षिक केले. वरचा भाग उत्तम झाला होता. खालचा भाग मोती कुत्र्यास दिला. त्याने तो हुंगून पाहिला.

डबा पुढे ठेवता येत नाही. आमची कणगी ठाकूरवाडीच्या कमळ्याने खोलीतच बसून विणलेली आहे. ती दारातून बाहेर निघत नाही. रिकामी असताना एका बाजूस कलते व कोनाड्यात हात जातो. भरल्यावर ती भिंतीस टेकते व मागे बॅटरीचा उजेड जाण्यापुरती फट राहते. डबा काढावयाचा तर कणगी रिती करावी लागेल.

आणि भरून लिंपलेली कणगी शिमग्याआधी उघडावयाची नाही, हा आमच्या घराचा नेम आहे. तोवर आम्ही जुना तांदूळ खातो. शिमगा यंदा परीक्षेनंतर येतो. त्यास माझा इलाज नाही.

रथसप्तमीच्या आत छायाचे हळदीकुंकू आहे. आपण यावे, असे ती म्हणते. माझीही हरकत नाही.

लडकू पोशा कोळंबे

---

कोंडाणे
८ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

हळदीकुंकवाला येऊन गेले. पाहुणचार चांगला केलात. नेरळवरून एक शब्द काढला नाय तुमी, मी पण नाय काढला. दोघं पण वालाच्या शेंगांवर बोलत बसलो, जशी काय आपल्याला त्यांचीच काळजी हाय.

आता जे सांगते ते तिथंच सांगितलं असतं. पर पोरीच्या सासरी, चार बायका बसलेल्या असताना, विहिणीनं व्याह्याची चूक दाखवायची नसते. तुमाला बोलायला पंच लागतात, मला बोलताना लाज आडवी येते. म्हणून लिवते.

सगळ्या बायका तीळगूळ घेत व्हत्या तवा मी छायाचा मोबाईल घेऊन घरभर फिरले. तुमाला वाटलं मी घर बघते. ओटीवर नेट नाय. माजघरात नाय. कणगीच्या खोलीच्या दारात नाय. परसात गेले, भिंतीच्या पलीकडं, कोनाडा जिथं येतो तिथं, तर नेट अख्खं भरलेलं. उकिरड्याचं काय पुण्य नाय व्याहीबुवा. उकिरडा फक्त बरोबर जागी हाय.

मंग मी छायाला विचारलं, "कणगी कवा भरली गं?"

म्हणाली, "दिवाळी झाल्यावर, नेहमीसारखी."

"आणि नेट कवा गेलं?"

तिनं हातातलं तबक खाली ठेवलं. मंग म्हणाली, "आई, बाबांना सांगू नको. त्यांना वाटेल मी त्यांच्या भाताला नावं ठेवते." म्हणजे आता तिलाही कळलंय नि ती पण तोंड शिवून बसली. एका घरात तुमी एक नि ती एक, दोघं एकमेकांचा मान राखता-राखता नेरळला जाऊन पोचाल.

डबा मागं हाय, माणसं पुढं हायत, मधी भाताचा डोंगर. आषाढात कणगी रिकामी व्हती म्हणून चाललं. काही बदल झाला नाय असं तुमी म्हणता ना? दरवर्षी होतं त्याला तुमी बदल धरतच नाय.

विश्वास नसंल तर मोबाईल तांदळाच्या पोत्यांमधी ठेवून बघा.

गोदूबाई

---

कातळपाडा
दि. १४ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

आपले म्हणणे प्रथमदर्शनी फेटाळण्यात आले होते. भात हे अन्न आहे. ते वाऱ्यास अडवीत नाही, वासास अडवीत नाही, उंदरास तर नाहीच. मग नेटास का अडवावे?

तथापि पंचाने दोन्ही बाजू पाहाव्यात. छाया जेवावयास बसली असता तिचा मोबाईल मी परसात नेला. कोनाड्याच्या भिंतीपाशी नेटच्या रेषा पूर्ण होत्या. मग जुन्या तांदळाची पोती ओढून त्याच्या भोवती उभी करू लागलो. पोते ठेवावे, एक रेषा जावी. पुन्हा पोते, पुन्हा रेषा. शेवटी मोबाईलने तोंड मिटले.

गजाने कुंपणावरून विचारले, "काय चाललंय नाना?"

"उंदीर शोधतो," असे मी सांगितले. माझ्या तोंडून निघालेले हे असत्य विधान आपल्यापुरते राहावे.

सबब आपले म्हणणे सिद्ध झाले. परंतु अडचण संपली नाही, उलट वाढली. ती आपणांस सांगतो, कारण दुसऱ्या कोणास सांगण्यासारखी नाही.

कणगीस लिंपण घरची सून घालते. आमच्या घरी ते काम हर्षदची आई करीत असे. ती गेल्यावर पहिल्या वर्षी गजाच्या पत्नीने केले, कारण छाया म्हणाली, "मला शेणाचं जमत नाही, बाबा." यंदा मी शेतावरून आलो तो लिंपण झालेले होते. तिने कामातून उठून केले होते व पुन्हा हात धुऊन कामास बसली होती. कोणी सांगितले नव्हते. तिची पाचही बोटे कडेने उमटली आहेत. काम सुबक नाही. एका बाजूस जाड आहे, एका बाजूस पातळ.

आता मी काय करू? ते लिंपण शिमग्याआधी फोडले तर तिने घातलेले पहिलेच लिंपण मी मोडले असे होते. न फोडले तर ती नेरळला जाते.

कोंडाण्याकडे या बाबतीत काही सवलतीची चाल आहे काय, ते कळवावे.

लडकू पोशा कोळंबे

---

कोंडाणे
१९ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पयल्यांदाच तुमी पत्रात काहीतरी विचारलंत. आतापर्यंत नुसतं कळवत व्हता.

सवलतीची चाल हाय. नसती तर मी पाडली असती. ऐका आता, तुमच्याच भाषेत लिवते, म्हणजे तुमाला पटंल.

मी, गोदूबाई, वय तुमच्याहून कमी, शिक्षण सातवी (हे लिवणारच), राहणार कोंडाणे, विहीण या नात्यानं लिहून मागते की, मला तुमच्या कणगीतलं नवीन भात पाहिजे. थोडं नको. पाहिजे ते पाहिजे, मला लागंल तेवढं. आणि ते महाशिवरात्रीच्या आत पाहिजे.

आमच्याकडं विहिणीनं तोंड उघडून मागितलं तर व्याही नाय म्हणत नाय, नेम आडवा आला तरी. विहीण मोठी का नेम मोठा? खालापुरात काय रीत हाय ते मला माहीत नाय, पर पोरगी कोंडाण्याची दिलेली हाय तवा चाल कोंडाण्याची पण लागते. उद्या कुणी विचारलं तर सांगा, विहीण हावरी हाय, ऐकंना. मी बोलणी खायला तयार हाय.

आणि ती बोटं माझ्या पोरीची हायत. ती फोडायला तिलाच सांगा. तिनं घातलं ते तिनं काढलं तर मोडणं होत नाय.

कोंबड्याला मात्र त्या दिवशी लांब ठेवा.

गोदूबाई

---

मौजे कातळपाडा, ता. खालापूर
दि. १ मार्च २०२५

श्रीमती गोदूबाई विहीणबाई, यांस,

आपली दि. १९ ची लेखी मागणी मिळाली. काल सायंकाळी मोबाईलच्या पडद्यावर आपण माझ्याशी बोललात व सर्व हकीकत विचारलीत. परंतु पडद्यावर बोललेले टिकत नाही. सबब घडले तसे लिहून देतो.

मागणीचे पत्र मी ओटीवर मोठ्याने वाचून दाखविले. 'शिक्षण सातवी' हे शब्द वगळले. हर्षद म्हणाला, "नाना, आईंना एवढ्या भाताचं काय करायचंय?" मी म्हणालो, विहिणीच्या मागणीस कारण विचारावयाचे नसते. छाया पदराने तोंड पुसत होती. घाम होता की काय ते मला नक्की सांगता येणार नाही.

कमळ्यास ठाकूरवाडीतून बोलाविले, कारण कणगी त्याची आहे व तिला कोठे धरावे हे तो जाणतो. गजाकडे मी स्वतः गेलो. त्याची शिडी मागितली. तो म्हणाला, "निकाल लागला काय नाना?" मी म्हणालो, "लागला. पाडा निर्दोष आहे. आरोपी घरातच होता." तो शिडीसकट आला. येताना पोती पण घेऊन आला. नवीन पासवर्ड मी त्यास त्याच ठिकाणी सांगितला.

लिंपण छायाने फोडले. मी तिच्या हाती विळा दिला होता. तिने तो खाली ठेवला व बोटांनी काढले. निघाल्यावर म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी जाड घालीन. या वेळी एका बाजूला पातळ झालं होतं."

मला नीट ऐकू आले नाही, असे मी तिला सांगितले. तिने 'पुढच्या वर्षी' हे शब्द पुन्हा उच्चारले. गजा व कमळ्या यांनीही ते ऐकले आहेत.

भात पोत्यांत भरून ओटीवर लावले. ओटी भरली, मग माझी खाट भरली. त्या रात्री मी पोत्यांवर झोपलो. कमळ्याने कणगी कलती केली व साईनाथाने, बूट बाहेर काढून ठेवून, कोनाड्यात हात घातला. डबा ऊबदार असतो, हे उंदरांनी आपल्या सर्वांच्या आधी ओळखले होते. डब्यावर त्यांचे संपूर्ण बिऱ्हाड होते. साईनाथ म्हणाला, "आजोबा, ह्यांची लाइन मात्र एक नंबर चालली असंल."

डबा त्याने ओटीच्या भिंतीवर, आषाढात जेथे खिळा ठोकू पाहत होता तेथे लावला. त्या जागेविषयी तो काही बोलला नाही. कामाची किंमत घेताना चहा मात्र त्याने मागून घेतला, जो त्यास दिला.

काल परीक्षेचा दिवस होता. कोंबडा पहाटेच गजाच्या घरी स्थानबद्ध करण्यात आला. छाया ओटीलगतच्या खोलीत दार लावून बसली. मी बाहेर बसून येणाऱ्यास हातानेच परत पाठवीत होतो. पोस्टमन आला, त्यासही. दुपारी आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मी घाबरलो. परंतु साहेबच काही बोलले होते. दिवस मावळताना दार उघडले. ती म्हणाली, "बाबा, एकदाही तुटली नाही." मी 'बरे' असे म्हणालो.

हर्षद पाळीवरून आला. त्याने चहा घेण्याआधी नेरळच्या खोलीवाल्यास फोन लावला. ओटीवरून लावला व तो लागला. "खोली दुसऱ्याला द्या, आमचं इथंच ठरलं," असे तो म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता, "नाना, तुमच्या खाटेवरची पोती उतरवू का?" असे विचारले. उतरविली.

त्यानंतर आपणांस पडद्यावर बोलाविण्यात आले. आपला चेहरा स्पष्ट दिसत होता, आवाज सुरळीत होता व आपण एकदाही थांबला नाहीत. मध्ये कोणतीही घरघर नव्हती, त्यामुळे मला बोलावयास संधी मिळाली नाही.

आता आपल्या मागणीविषयी. पडद्यावर आपण म्हणालात, "अहो, भात खरंच कशाला पाठवता, ते तर मी नुसतं लिवलं व्हतं." ही हरकत मान्य करता येत नाही. मागणी लेखी आहे व ती मी चारचौघांत वाचून दाखविलेली आहे. व्याह्याने विहिणीस नाही म्हणावयाचे नसते. घरखर्चाचे व बियाण्याचे भात वगळून उरलेली सर्व पोती आज सकाळी गावातील सुनीलच्या टेंपोने कोंडाण्यास रवाना केली आहेत. हे पत्र त्याच टेंपोतून येत आहे. उतरवून घेण्यास दोन माणसे तयार ठेवावीत. आपल्या घरातही असाच डबा असल्यास पोती कोठे रचावयाची, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. आपण सातवी आहात.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, तो बरोबर आहे.

लडकू पोशा कोळंबे

समक्ष हजर:
१. गजा, शेजारी, शिडीसह.
२. कमळ्या, ठाकूरवाडी, कणगी विणणारा. अंगठा.
३. चि. हर्षद. सही.
४. चि. सौ. छाया. सही, आज सकाळी अंगण सारविताना शेण लागलेल्या उजव्या हाताच्या बोटांसह. कागदावर डाग आहे तो त्याचाच समजावा.
५. श्रीमती गोदूबाई, रा. कोंडाणे, पडद्यावर हजर. यांचे नावापुढे जागा मोकळी सोडली आहे. सही करून कागद टपालानेच परत पाठवावा.